ताप उतरला, बीपी 'नॉर्मल', मग आयसीयू कशाला? शॉक म्हणजे नक्की काय?

उंबरठेकर

नमस्कार मंडळी. भाचा, वय १९, नाशिकला हॉस्टेलवर राहतो. डेंग्यू निघाला म्हणून एका खाजगी इस्पितळात साध्या वॉर्डात ठेवला होता. ताप १०३ पर्यंत जात होता. पाचव्या दिवशी सकाळी ताप पूर्ण उतरला. बहिणीने लगेच देवापुढे साखर ठेवली. दुपारी डॉक्टर म्हणाले, "आयसीयूत हलवतोय, शॉकमध्ये जातोय." पोरगा शुद्धीवर, आमच्याशी बोलतोय, क्रिकेटचा स्कोअर विचारतोय. बीपी १००/८०. मेव्हणे तिथेच भडकले, मलाही पटलं नव्हतं.

भाचा आता बरा होऊन घरी आलाय, त्यामुळे 'काळजी घ्या' वगैरे नको. इस्पितळाचं नाव मुद्दाम देत नाही, विचारू नका. प्रश्न एवढाच की बोलणारा-चालणारा, ताप नसलेला, बीपी बरं असलेला माणूस शॉकमध्ये असू शकतो का? की आम्हाला गंडवलं?

झणझणीत

गंडवलं. आयसीयूतले बेड रिकामे असले की सगळेच शॉकमध्ये जातात.

गारवा

झणझणीत +१. मेडिक्लेम आहे का हे आधी विचारलं होतं का त्यांनी? तिथेच उत्तर मिळेल.

उंबरठेकर

विचारलं होतं, पण ते अॅडमिट करतानाच. ते तर सगळीकडेच विचारतात.

कडुनिंब

मी फिजिशियन आहे. सरकारी आणि खाजगी दोन्हीकडे काम केलंय, त्यामुळे दोन्हीकडच्या शिव्या खाऊन झाल्यात. उंबरठेकर, तुमच्या पोस्टमध्येच उत्तर आहे. १००/८०. सगळे वरचा आकडा बघतात आणि म्हणतात, शंभर आहे, ठीक आहे की. दोन आकड्यांमधलं अंतर बघा. वीस. एरवी ते चाळीसच्या आसपास असतं. डेंग्यूत हे अंतर वीस किंवा त्याखाली आलं की शॉक सुरू झाला असंच धरायचं असतं, वरचा आकडा कितीही देखणा असो.

आता ताप उतरल्याचं. डेंग्यूत साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो आणि खरा धोका तिथूनच पुढे एक-दोन दिवस असतो. बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागतात. रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, पोटात आणि छातीत उतरतो. बाहेर रक्ताचा थेंब दिसत नाही, पण वाहिन्यांत उरलेलं रक्त कमी आणि दाट झालेलं असतं. घरचे पेढे वाटत असतात आणि आम्ही घामाघूम.

शॉक म्हणजे रक्ताभिसरण इतकं ढासळणं की अवयवांना पुरेसा ऑक्सिजन पोचत नाही. बीपी पडणं ही त्यातली उशिरा घडणारी गोष्ट. त्याआधी शरीर काय करतं? पाणीटंचाईत नगरपालिका करते तेच. आधी बागांचं पाणी तोडायचं, मग पेठांचं, दवाखान्याची लाइन मात्र शेवटपर्यंत चालू. कातडी, आतडी, मूत्रपिंडं यांचं रक्त आखडतं घेऊन मेंदू आणि हृदयाला पुरवलं जातं. म्हणून हातपाय गार पडतात, लघवी कमी होते, नाडी धावते, आणि पेशंट मात्र क्रिकेटचा स्कोअर विचारत असतो. तरुण पोरांमध्ये ही कसरत फार वेळ चालते. बीपी टिकतं, टिकतं, आणि मग एकदम कोसळतं. तोपर्यंत थांबलं तर परत आणणं अवघड.

मधली_आळी

म्हणजे आमची पेठ कायमच शॉकमध्ये आहे म्हणायची. मंगळवारी तर नाडीही लागत नाही.

रात्रपाळी

मी आयसीयूत सिस्टर आहे. कडुनिंब सरांनी आकड्यांचं सांगितलं, मी हाताचं सांगते.

पेशंट ताब्यात घेतला की मी मॉनिटरकडे बघायच्या आधी त्याच्या पायाच्या पंजांना हात लावते. गुडघा कोमट आणि पंजा गार असेल तर कान टवकारायचे. मग हाताच्या बोटाचं टोक किंवा नख पाच सेकंद दाबून धरायचं आणि सोडायचं. पांढरं पडलेलं दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला पाहिजे. तीनच्या पुढे गेलं तर डॉक्टरांना हाक. (खोलीत एसी जोरात असेल तर फसगत होते, म्हणून एवढ्या एकाच गोष्टीवर जायचं नाही.)

दुसरं म्हणजे लघवी. मोठ्या माणसाला दर तासाला किलोमागे निदान अर्धा मिली व्हायला हवी, म्हणजे साठ किलोच्या माणसाला तीस मिली. नातेवाईक सांगतात "सकाळपासून गेलाच नाही, पण काही खाल्लं-प्यालंच नाही ना", आणि तो विषय तिथेच संपवतात.

तिसरं, आणि हे सगळ्यांत जास्त निसटतं. पेशंट अस्वस्थ होतो. चादर फेकतो, कूस बदलत राहतो, सलाईनची नळी ओढतो, बायकोवर खेकसतो. घरचे म्हणतात, "सिस्टर, दोन रात्री झोप नाही, चिडचिड करतोय, झोपेचं इंजेक्शन द्या." ती चिडचिड नसते. मेंदूला रक्त कमी पडायला लागल्याची ती खूण असू शकते. आणि मग तो 'शांत झोपला' की घरच्यांना बरं वाटतं, आमची पळापळ सुरू होते.

गारवा

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद वाचून माझी स्वतःची बोटं दाबून बघितली. दोन सेकंद. हुश्श.

मधली_आळी

आख्खा धागा आत्ता नख दाबून बसलाय.

अनुस्वार

माझ्या सासऱ्यांना बीपीच्या गोळ्या चालू आहेत. त्यांना हे सगळं असंच लागू होतं का?

कडुनिंब

चांगला प्रश्न. नाही, तसंच्या तसं नाही. ज्यांचं बीपी नेहमी १५०-१६० असतं त्यांना ११० म्हणजे पडलेलं बीपी असू शकतं. मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर नाडी वाढतच नाही, त्यामुळे 'नाडी ७० आहे, उत्तम' असं वाटतं. म्हाताऱ्या माणसांचं नेहमीचं बीपी आणि गोळ्यांची नावं एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. रात्री दोन वाजता आलेल्या डॉक्टरला तो कागद फाइलीपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

आणखी एक. जंतुसंसर्गाच्या शॉकमध्ये सुरुवातीला हातपाय गरमही असू शकतात, कारण तिथे वाहिन्या आकुंचन पावण्याऐवजी सैल पडतात. लघवीचा संसर्ग झालेली आजी थंडी वाजून तापली, दुसऱ्या दिवशी असंबद्ध बोलायला लागली, श्वास जोरात चाललाय, पण हात गरम आहेत म्हणून घरीच थांबायचं नाही. तिथे पहिल्या तासात अँटिबायोटिक जायला हवं.

झणझणीत

ठीक, शॉक होता असं धरू. पण मग सलाईनच लावणार ना? ती साध्या वॉर्डात लावता येत नाही का? सुईला काय माहीत कुठला वॉर्ड आहे?

रात्रपाळी

सुईला माहीत नसतं, पण साध्या वॉर्डात रात्री तीस पेशंटमागे मी एकटी असते हे मला माहीत असतं. डेंग्यूच्या शॉकमध्ये वजनाप्रमाणे मोजून सलाईन जाते, दर पंधरा-वीस मिनिटांनी नाडी, बीपी, हातपाय बघायचे, मग वेग कमी-जास्त करायचा. बाटली टांगून चहाला जाण्यातलं काम नाही ते.

कडुनिंब

पुस्तकी आकडा सांगायचा तर बीपी अजून टिकून आहे अशा शॉकमध्ये पहिल्या तासाला किलोमागे ५ ते १० मिली, मग हिमॅटोक्रिट (रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के, म्हणजे रक्त किती दाट झालंय) परत बघून पुढचं ठरवायचं. कमी गेलं तर पेशंट बुडतो, जास्त गेलं तर फुप्फुसं. झणझणीत, आयसीयूच्या नावाखाली लूट होते हे मी नाकारत नाहीच. पण ती पकडायची तर 'ताप नव्हता' हा मुद्दा चुकीचा आहे. उंबरठेकर, डिस्चार्जची फाइल असेल ना? हिमॅटोक्रिट किती होता आणि त्या दुपारी किती झाला एवढं बघून सांगा.

उंबरठेकर

फाइल बहिणीकडे आहे. मागवतो.

पोलादपूरकर

अवांतर होईल, पण शॉकचा विषय निघाला आणि विंचू नाही असं कोकणात होत नाही.

आमच्याकडे भात झोडणीच्या दिवसांत पेंढ्यात, चिऱ्यांच्या गडग्यात लाल विंचू निघायचा. काळी इंगळी दिसायला भयंकर, पण लोक मरायचे ते या चिमुकल्या लाल्यामुळे. मी लहान असताना शेजारच्या काकांना चावला. दुखायचं राहिलं बाजूला, माणूस घामाने निथळायला लागला, सदरा पिळून काढावा इतका. उलट्या. हातपाय बर्फ. विंचू उतरवणारा आला, त्याने मंत्र म्हटले, आणि दुखणं खरंच कमी झालं म्हणून सगळे खूष. रात्री धाप लागली, तोंडातून गुलाबी फेस आला. पुढचं सांगत नाही.

महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी हेच वर्षानुवर्षं पाहिलं, नोंदी ठेवल्या, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९८२ साली लिहिलं. विष हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर ताण आणतं हे ओळखून त्यांनी प्राझोसिन नावाची बीपीची साधी गोळी वापरली. ती वेळेवर मिळायला लागली तसे विंचवाचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली त्यांना. आमच्या भागात त्याच्या कितीतरी आधीपासून लोक त्यांचं नाव आदराने घेतात.

कडुनिंब

अवांतर कसलं, मुद्द्याचं आहे. 'शॉक म्हणजे सलाईन' हे समीकरण तिथेच मोडतं. लाल विंचवाच्या दंशात आधी बीपी चढतं, मग हृदय थकतं. तिथे धडाधड सलाईन सोडली तर फुप्फुसात पाणी साचून माणूस आणखी बिघडतो. मोठ्या हार्ट अटॅकनंतरच्या शॉकमध्येही तेच, पंप बिघडलेला असताना टाकी भरत बसून फारसा उपयोग नाही. म्हणून शॉकच्या पेशंटला गावातल्या गावात 'एक बाटली लावून बघू' करत बसू नका. कारण काय आहे ते आधी कळलं पाहिजे.

सह्यभटक्या

मग आग्यामोहोळाचंही सांगतो. जुन्नर भागात ट्रेकला होतो. कुणीतरी अत्तर-डिओ मारून आला होता की वरच्या कड्यावर दगड लागला देव जाणे, माश्या उठल्या. सगळ्यांनाच चावल्या, पण एका मित्राला जेमतेम तीन-चार. त्याचंच बिघडलं. आधी तळहात आणि डोकं खाजायला लागलं, मग अंगावर गांध्या, ओठ सुजले, आवाज बसला, "डोळ्यांपुढे अंधारी येतेय" म्हणाला. सगळं पाच-दहा मिनिटांत. सोबत एक डॉक्टर मैत्रीण होती, तिच्या किटमध्ये अॅड्रेनॅलिनची अँप्युल होती. तिने पँटवरूनच मांडीच्या बाहेरच्या बाजूला इंजेक्शन ठोकलं. तो जरा सावरला आणि उठून बसायला लागला, तर ती ओरडली, "आडवाच राहा, उठलास तर मारीन!"

खाली ग्रामीण रुग्णालयात रात्रभर ठेवून घेतलं. बरा दिसत असला तरी काही तासांनी हा प्रकार पुन्हा उलटू शकतो म्हणे.

गारवा

एव्हिलचं इंजेक्शन देतात ना अशा वेळी? आमचे फॅमिली डॉक्टर तेच देतात.

कडुनिंब

खाज आणि गांध्या एवढंच असेल तर चालतं. पण घसा आवळतोय, धाप लागतेय, चक्कर येतेय, बीपी पडतंय, म्हणजे अॅनाफिलॅक्सिस, अॅलर्जीचा जीवघेणा झटका, आणि तिथे पहिलं औषध अॅड्रेनॅलिनच, तेही मांडीच्या स्नायूत. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम. एव्हिल आणि स्टेरॉइड मागून द्या हवं तर, पण ती त्याची जागा घेत नाहीत. अँप्युल स्वस्त असते, गंमत म्हणजे महागडी औषधं सापडतात आणि ही वेळेला सापडत नाही. मैत्रिणीने झोपवून ठेवलं तेही शंभर टक्के बरोबर. अशा पेशंटला एकदम उभं केल्याने हृदय बंद पडल्याच्या घटना आहेत. धाप फार असेल तर पाठीला टेकवून बसवायचं, पण चालवायचं नाही.

(सह्यभटक्यांचं वाचून कुणी स्वतःच अँप्युल आणि सिरिंज घेऊन ट्रेकला निघू नका. आपल्या डॉक्टरकडून शिका, मग न्या.)

एमआयडीसीवाला

कंपनीत सेफ्टी बघतो. आमच्या प्रथमोपचाराच्या ट्रेनिंगमध्ये शॉक म्हटलं की पाय फूटभर वर उचला असं शिकवतात. इथे कुणीच ते बोललं नाही?

रात्रपाळी

उचला, पण सरसकट नाही. उलटी-जुलाबाने किंवा नुसत्या रक्तस्रावाने ढासळलेला असेल आणि श्वास नीट चालू असेल तर चालेल, फायदाही थोडाच वेळ टिकतो. अपघातात मणका, कंबर किंवा पाय मोडल्याची शंका असेल तर नको. हार्ट अटॅक किंवा धाप असेल तर मुळीच नको.

एमआयडीसीवाला

बरोबर. आणि रक्त वाहत असेल तर पाय वगैरे नंतर, आधी जखमेवर थेट दाब. कापड भिजलं की ते काढून बघायचं नाही, त्यावरच दुसरं ठेवून दाबत राहायचं. लोक दर मिनिटाला 'थांबलं का' म्हणून उचलून बघतात आणि धरलेली गुठळी निघून जाते. मांडीचं हाड मोडलं तर बाहेर जखम नसतानाही आतल्या आत लिटर-दीड लिटर रक्त जातं, हे आमच्या सुपरवायझरना कितीही सांगितलं तरी खरं वाटत नाही. अंगात असतं मिळून पाच लिटर.

आजीचा_बटवा

तहान तहान करतो हो असा माणूस. घोटभर साखरपाणी दिलं तर काय बिघडतं? आमच्याकडे कांदा हुंगवून, साखरपाणी पाजून माणसं उठून बसलेली पाहिली आहेत मी.

कडुनिंब

आजी, ती उठून बसली कारण ती नुसती भोवळ होती. आडवं पडलं की ती आपोआप जाते, कांद्याला फुकटचं श्रेय. शॉकमध्ये आडवं करूनही माणूस सुधारत नाही. आणि तहान लागते हे अगदी खरं, पण शुद्ध हरपत असताना पाजलं तर पाणी श्वासनलिकेत जातं. अपघाताचा असेल तर लगेच ऑपरेशन करावं लागू शकतं, पोट रिकामं हवं. ओठ ओले करा, पांघरूण घाला, १०८ लावा.

आजीचा_बटवा

आणि जुलाब झालेल्या लेकराला? त्यालाही पाजायचं नाही का?

कडुनिंब

इथे आजी जिंकल्या. जुलाबात मूल जागं असेल, गिळत असेल तर पाजायचंच, पहिल्या जुलाबापासून, चमचा चमचा. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, कॉलरा पसरला आणि सलाईन संपली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी ड्रममध्ये मीठ-साखरेचं पाणी कालवून घरच्यांच्याच हातात दिलं. तीस टक्क्यांच्या आसपास माणसं दगावत होती, तो आकडा चारच्या खाली आला. फक्त मूल मलूल पडलं, डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू परत जातेय, पिण्याचीही ताकद नाही, अशा अवस्थेत वाटी-चमचा सोडून दवाखाना गाठायचा. तिथे शिरेतूनच द्यावं लागतं.

अनुस्वार

आणि ओआरएसच्या नावाने मिळणारे ते गोड टेट्रापॅक नकोत. त्यात साखर भरमसाठ, जुलाब वाढतात उलट. २०२५ च्या ऑक्टोबरात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर 'ओआरएस' लिहायला बंदी घातली. पुडी घ्या, लिटरची पुडी लिटरभर पाण्यातच. माझी जाऊ एक पुडी चार ग्लासांना 'थोडी थोडी' वाटायची आणि उरलेली उद्यासाठी रबर लावून ठेवायची.

झणझणीत

धागा विंचू, माश्या, जुलाब करत कुठे गेला. उंबरठेकर, फाइल आली का? मी अजून माझ्या मतावर आहे.

उंबरठेकर

आली. हिमॅटोक्रिट दाखल करताना ३९, त्या दुपारी ४८. नाडी १२४. नर्सिंगच्या कागदावर लिहिलंय: 'हातपाय गार, सकाळी ७ पासून लघवी नाही, पोटात दुखतंय असं सांगतो.' पोटात दुखतंय हे तो आम्हालाही म्हणाला होता, पण तीन दिवस इस्पितळाचं जेवण जेवला म्हणून आम्ही हसण्यावारी नेलं.

कडुनिंब

३९ चे ४८, म्हणजे वीस टक्क्यांहून जास्त वाढ. रक्त दाट झालं. वर पोटदुखी, तीही डेंग्यूतली धोक्याची खूण. त्या डॉक्टरने बीपी कोसळायच्या आधी पकडलं. मी असतो तर हेच केलं असतं.

झणझणीत

बरं, हलवलं ते योग्य, मागे घेतो. पण आयसीयूत किती दिवस ठेवलं आणि कुठल्या कुठल्या वस्तूंचे पैसे लावले ते बिल टाका इथे. ते मी मागे घेतलेलं नाही.

उंबरठेकर

बिलाचा वेगळा धागा काढतो, तिथे मीच पहिली शिवी घालणार आहे.

एक राहिलं. दोन दिवसांनी त्यांनी सलाईन एकदम बंदच केली. बहीण भांडली, की पोरगं अजून धड जेवत नाही आणि बाटली काढलीत.

रात्रपाळी

हे भांडण दर पावसाळ्यात होतं. पाझरलेलं पाणी एक-दोन दिवसांनी आपोआप वाहिन्यांत परत येतं. तेव्हा वरून सलाईन चालू ठेवली तर तेच पाणी जास्त होऊन धाप लागते. बाटली वेळेवर लावण्याइतकंच वेळेवर काढणं महत्त्वाचं. पण 'सलाईन काढली' म्हणजे 'दुर्लक्ष केलं' असं घरच्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

गारवा

आणि प्लेटलेट? कुणीच विचारलं नाही. आमच्याकडे डेंग्यू म्हटलं की सगळे फक्त प्लेटलेटचा आकडा विचारतात आणि पपईची पानं शोधत फिरतात.

कडुनिंब

आकडा बघतो आम्ही, पण रक्तस्राव नसेल तर साधारण दहा हजारांच्या वर प्लेटलेट चढवायची सहसा गरज पडत नाही. डेंग्यूत बहुतेक माणसं जातात ती उशिरा ओळखलेल्या शॉकने. पपईच्या पानांचा रस प्यायलेल्या पोरांच्या उलट्या आवरताना आमची अर्धी ड्यूटी जाते. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल. कॉम्बिफ्लाम, अॅस्पिरिन, डायक्लोफेनॅक काही नको.

उंबरठेकर

आभार सगळ्यांचे. आता भाच्याच्या पायांवर लालबुंद पुरळ आलंय, मध्ये मध्ये पांढरे ठिपके, आणि रात्रभर खाजवतोय. परत न्यायचं का?

कडुनिंब

ताप नाही, जेवतोय, लघवी नीट होतेय ना? मग ते बरं होतानाचं पुरळ आहे, लाल पायावर पांढरी बेटं. खाज आठवडाभरही टिकते. कॅलामाइन लावा. पोटदुखी, काळी शी किंवा हिरड्यांतून रक्त दिसलं तर मात्र लगेच.

उंबरठेकर

जेवतोय कसला, घर खातोय. कॅलामाइन आणलं. फोटो व्यनितून पाठवतो, इथे टाकू नको म्हणतोय.